माझी माहिती कोणी बघितली ते मला दिसतं

एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला राहायला आल्यापासून घरचे सारखं विचारतात, तिकडं म्हणे सगळं सरकार मोबाईलवर चालतं, खरं का? खरंय. टॅक्स रिटर्न आधीच भरून आलेलं असतं, आपण फक्त तपासायचं. 2023 च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून पडली. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. सरकारी पोर्टलवर लॉगिन केलं की कुठल्या खात्यानं माझी माहिती कधी उघडली याची नोंद मला दिसते, सगळ्या नाही पण बऱ्याच खात्यांची, आणि कोणी विनाकारण बघितली असेल तर मी जाब विचारू शकतो. छोटा देश म्हणून जमतं म्हणाल, तर अहो एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या सांगली जिल्ह्याच्या निम्मी आहे, म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर तरी विचार करायला काय हरकत आहे?

हे बघताना मला 2019 चा पूर आठवतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर, आमच्या पलूस तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात. पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले आणि तिथं सगळं सातबाऱ्यावरच्या नावावर येऊन अडतं. खंडानं रान करणाऱ्यानं ऊस लावलेला, खताची उधारी त्याच्या डोक्यावर, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं. नवरा वारलाय आणि वारसनोंद राहिलीय अशा बाईचं पण तेच. कागदावर जो सुटला तो कॉम्प्युटरवर पण सुटतो, उलट तिथं भांडायला समोर माणूसच नसतो.

आपल्याकडं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. सातबारा घरबसल्या निघतो, ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचा फोटो टाकतो, सरकारच्या 'आपली चावडी' या वेबसाइटवर फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलण्याच्या नोटिसा बघून हरकत घेता येते. हे मला फार मोलाचं वाटतं. पण ज्या आजीचा अंगठा हळद काढून काढून झिजलाय आणि मशीनवर उठतच नाही, तिच्यासाठी दुसरी वाट कायम उघडी पाहिजे. इथं एस्टोनियात ऑनलाइन मत दिलं तरी मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन कागदावर देता येतं, मग ऑनलाइनवालं रद्द होतं. मशीनवर एवढा भरवसा असलेल्या देशानं पण कागद टाकून दिलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की मदतीची यादी फायनल व्हायच्या आधी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, सुटलेल्यांना तिथंच बोलू द्या, बायकांना आणि वाटेकऱ्यांना तर आधी. आणि आजच आपल्या जमिनीचा सातबारा काढून आईचं किंवा बायकोचं नाव आहे का बघा. नसेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याला अर्ज करून बायकोचं नाव सोबत लावता येतं, तलाठी ऑफिसात विचारा.