होंडा सिटी: व्हीटेकपासून हायब्रिडपर्यंत

सिटी म्हटलं की आजच्या पोरांना सभ्य फॅमिली गाडी आठवते, पण १९९८ ला आपल्याकडे जी आली ती वेगळीच चीज होती. सीट इतकी खाली की पाय लांब सोडून बसायचं, डॅशबोर्ड पण खाली, त्यामुळे समोरचा रस्ता पूर्ण दिसायचा. मग २००० ला १.५ लिटरची व्हीटेक आली (व्हीटेक म्हणजे इंजिनाच्या वेगाप्रमाणे झडपा उघडायची पद्धत बदलणारं होंडाचं तंत्र), ताकद १०६ बीएचपी, आणि वजन जेमतेम टनभर! खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, शहाण्यासारखी चालायची, पण गिअर ताणून धरला की झडपा उघडणाऱ्या कॅमचा दुसरा, जोरकस आकार लागायचा, इंजिनाचा आवाजच बदलायचा आणि खंडाळ्याचा घाट गाडी हसत चढायची. माझ्यासाठी स्पोर्टी सेडान म्हणजे ती, अजूनही.

२००३ ला पुढची सिटी आली, जिला सगळे डॉल्फिन म्हणतात, आणि व्हीटेकवाल्यांचा जीव तुटला. सुरुवातीला फक्त ७७ बीएचपी, सिलेंडरला दोन-दोन स्पार्क प्लग म्हणजे एकूण आठ, सगळा जोर अ‍ॅव्हरेजवर. पण तिला नावं ठेवणं मला पटत नाही, कारण पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवून मागे जी जागा काढली ना, त्या काळात त्या किमतीत तशी कोणी देत नव्हतं, आणि घरच्यांनी सिटीला मनापासून आपलंसं केलं ते तेव्हाच. नंतर तिच्यातही व्हीटेक आलं, पण सीटची उंची वाढलीच होती, ती परत खाली आली नाही.

२००८ ची मला सगळ्यात जमलेली वाटते. ११८ बीएचपी, बाणासारखं तोंड, मागे जागाही.

२०१४ ला डिझेल आलं, आणि गंमत बघा, सहा गिअर डिझेलला आणि पेट्रोल मॅन्युअलला पाचच! हे मला खरंच खटकलं. २०२० ला ते सुधारलं, डबल कॅम (झडपांसाठी दोन कॅमशाफ्ट), १२१ बीएचपी, सहा गिअर, पण गाडी साडेचार मीटरच्या पुढे गेली. वीस वर्षांत ताकद वाढली १५ बीएचपी, पण वजन आणि लांबीही वाढली, मग ती जुनी चपळाई येणार कुठून? २०२२ च्या हायब्रिडमध्ये (पेट्रोल आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही) तर क्लच पेडलच नाही, शहरात मस्त शांत चालते, पण गिअर ताणायची मजा गेली.

कोणी जुनी व्हीटेक शोधत असेल तर टायमिंग बेल्ट (कॅम फिरवणारा, ठरावीक काळाने बदलावा लागणारा पट्टा) कधी बदलला ते आधी विचारा, त्याजागी चेन डॉल्फिनपासून आली. आणि मॉडिफाय केलेलीपेक्षा स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच, मिळाली तर जास्त पैसे द्या, बिनधास्त.