सहाची सात अक्षरं

इंदूरला विजयनगरात आमचं ऑफिस आहे. एका जर्मन गिऱ्हाइकाच्या ऑर्डरींचा कोड आम्ही सांभाळतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी आम्ही त्यावरच होतो. शेवटी ३.८ वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. टेस्ट सगळ्या पास झाल्या. सोमवारी लाइव्ह केलं आणि मंगळवारी जुन्याच ग्राहकांची नवी खाती उघडायला लागली.

ग्राहक ओळखायला आम्ही रस्त्याचं नाव कॅपिटल करून, पिनकोड जोडून त्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला छोटा सांकेतिक ठसा, ठेवत होतो. पत्ता तोच, हॅश मात्र वेगळा. संशय एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीवर गेला. दीड दिवस बाइट तपासले, आमच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये काही खोट नव्हती. शेवटी टीममधल्या ताई म्हणाल्या, "अरे, कॅपिटल केल्यावर लांबी किती येते ते तर बघ."

बघितलं. जुन्यात सहा, नव्यात सात!

जर्मनमध्ये रस्त्याला श्ट्रासं म्हणतात. त्यात एस्त्सेट नावाचं, ग्रीक बीटा या अक्षरासारखं दिसणारं अक्षर असतं. जुना पायथन एका अक्षराच्या जागी एकच अक्षर ठेवायचा, म्हणून एस्त्सेट तसंच राहायचं. ३.३ पासून युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या जागतिक मानकाचे, पूर्ण नियम लागू झाले आणि कॅपिटल करताना त्याचे दोन एस होऊ लागले. युनिकोडप्रमाणे नियम नवाच बरोबर आहे, पण आमचे साठवलेले हॅश जुन्या नियमाचे होते. आणि टेस्टमध्ये पत्ते कुठले, तर इंदूरचेच, राजवाडा, पलासिया! तेही बरेचसे देवनागरीत, जिथे कॅपिटल हा प्रकारच नाही. ते मला फार लागलं, कारण ते पत्ते मीच भरले होते.

तुलनेसाठी कॅपिटल करणं मी काढून टाकलं. स्मॉल करूनही भागत नाही, एस्त्सेट तसंच राहतं. पायथनमधलं केसफोल्ड हे तुलनेसाठीचं फंक्शन वापरलं, त्यात एस्त्सेट आणि दोन एस ही दोन्ही रूपं एक होतात. कधी नको तिथेही होतात: जर्मनमध्ये एस्त्सेटचं 'मासं' म्हणजे मापं आणि दोन एसचं 'मासं' म्हणजे वस्तुमान, केसफोल्डला दोन्ही सारखेच. म्हणून घर क्रमांकही जोडला. ग्राहकांनी लिहिलेले मूळ पत्ते आम्ही जसेच्या तसे ठेवले होते हे नशीब, त्यांच्यावरून सगळे हॅश नव्याने काढता आले.

दुहेरी खाती मात्र हातानेच जोडली. ताई पत्ता वाचायच्या, मी जुनी ऑर्डर बघून हो म्हणायचो. टेस्टच्या फाइलमध्ये आता राजवाड्याच्याही वर एक श्ट्रासं आहे.