कट्ट आवाजाच्या आधी

‘मान एकदा कट्ट करून द्या, बाकी काही नको.’ ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे सांधे आणि स्नायूंवर हातांनी उपचार करणाऱ्याकडे, येणारे बरेच पेशंट हीच मागणी घेऊन येतात. या बाई पन्नाशी ओलांडलेल्या. ओळखीतल्या कुणाची तरी आखडलेली मान एका झटक्यात सुटली होती. यांचं दुखणं कवटी मानेला मिळते तिथलं, चार महिन्यांपासूनचं. सोबत मानेचा एक्स-रे होता आणि त्यावर ‘वयोमानानुसार झीज’ एवढाच शेरा.

फॉर्मवर ‘इतर आजार’ या रकान्यात त्यांनी रेघ मारली होती. ती मारताना पेन मात्र मुठीत धरलेलं. बोटं मुळापासून करंगळीकडे कललेली, पेरं जाड झालेली. विचारल्यावर म्हणाल्या, ‘तो आमवात, जुना आहे. गोळ्या चालू आहेत. त्याचा मानेशी काय संबंध?’

संबंध फार जवळचा असतो. मानेचा पहिला मणका म्हणजे एक कडं. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका त्या कड्यात वर शिरलेला असतो आणि एक आडवा, चिवट अस्थिबंध त्याला मागून जागेवर धरून ठेवतो. त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, बोटांचे सांधे खातो तसाच इथलाही सांधा खातो. अस्थिबंध सैल पडला की मान पुढे वाकवताना पहिला मणका पुढे घसरतो आणि सुळका मज्जारज्जूवर दाबायला लागतो. अशा मानेला झटका दिला तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात, जीवही जाऊ शकतो.

मग प्रश्न बदलले. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो का? ‘हो, पायापर्यंत. भांगात तेल घालताना तर नक्की.’ बटणं लावायला वेळ लागतो का? ‘लागतो, पण ते बोटांमुळेच ना?’ चालताना तोल? अंधारात भिंत धरावी लागत होती.

तपासणीत मान जबरदस्तीने वाकवली नाही. सैल अस्थिबंध टेबलावर ताणून पाहायच्या चाचण्याही आहेत, पण संशय एवढा पक्का असताना त्या करू नयेत असं माझं ठाम मत आहे. मिळणारी माहिती थोडी, धोका मोठा. हातांनी करायची बिनधोक तपासणी पुरेशी बोलकी असते. दहा सेकंदांत मूठ वळून उघडायला सांगितली. निरोगी हाताला वीस वेळा सहज जमतं, यांना निम्म्यावरही जमेना. वाकडी बोटं हे त्याचं एक कारण असू शकतं, म्हणून पुढे गेलो. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला. गुडघ्यावर हातोडी हलकीच टेकवली तरी पाय उडाला. टाचेला चवडा लावून एका रेषेत चार पावलं टाकता येईनात. हा त्रास बोटांचा नव्हता, मज्जारज्जूचा होता.

आणि तो एक्स-रे? तो मान सरळ ठेवून काढलेला होता. या स्थितीत मणके पुष्कळदा जागेवरच दिसतात. संशय असेल तर बाजूने दोन फोटो लागतात, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे नेऊन. मान पेशंटने स्वतः, जेवढी सहज जाईल तेवढीच न्यायची. सुळका आणि पहिल्या मणक्याच्या पुढच्या कमानीतलं अंतर मोठ्या माणसात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त भरलं तर ते बिघाडाचं लक्षण.

‘ताई, आज मी तुमच्या मानेला हात लावणार नाही,’ असं सांगितलं तेव्हा त्या नाराज झाल्या. साहजिकच होतं. मालिश नाही, मान मोडून घेणं नाही, खाली वाकून डोकं धुणं नाही, आणि कुठल्याही ऑपरेशनसाठी भूल द्यायची झाली तर आधी मानेबद्दल सांगायचं, कारण घशात नळी घालताना मान मागे नेतात. हे सगळं कागदावर लिहून दिलं. मणक्याच्या सर्जनसाठी चिठ्ठीत निष्कर्ष लिहिले, फोन केला आणि त्याच दिवशी पाठवलं. वाकवून काढलेल्या फोटोत अंतर 8 मिलिमीटर निघालं आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब दिसला. पहिले दोन मणके स्क्रूने जोडावे लागले. मान वळवण्याची जवळपास निम्मी हालचाल याच दोन मणक्यांत होते, त्यामुळे तेवढी गेली. करंट थांबला.

काही महिन्यांनी सर्जनची लेखी परवानगी घेऊन त्या परत आल्या. मान कमी वळते म्हणून खांदे आणि पाठीचा वरचा भाग ताठला होता, आणि हे खरंखुरं ऑस्टिओपॅथीचं काम. मानेखाली आधार देऊन झोपवलं, बरगड्या हलक्या लयीत हलवल्या. मग मसल एनर्जी: खांदा जिथे अडतो तिथे धरायचा, पेशंटने पाव ताकदीने माझ्या हाताविरुद्ध पाच ते सात सेकंद ढकलायचं, सोडायचं, सैल पडला की नव्या अडथळ्यापर्यंत न्यायचा. असं तीन ते पाच वेळा. पूर्ण जोर लावला की शेजारचे स्नायू मदतीला धावतात आणि काम फसतं. झटका कुठेच नाही.

त्या आवाजाबद्दलही बोलणं झालं. अमेरिकन डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये ऑस्टिओपॅथी मांडली तेव्हा हाडं जागेवर आणण्यावर भर होता, आणि ‘हाड बसलं’ ही समजूत अजून टिकून आहे. प्रत्यक्षात सांध्यातल्या द्रवातला दाब एकदम उतरल्याने तो आवाज होतो. हाड बसत नाही. स्नायूंचा ताण आणि वेदना काही काळ उतरतात. आवाज आला नाही म्हणजे उपचार फुकट गेला असं मुळीच नाही.

साध्या कंबरदुखीच्या पेशंटची पहिली भेट पाऊण ते एक तासाची असते आणि त्यातला मोठा भाग प्रश्न आणि तपासणीतच जातो. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, ते चालतं. हातापायात नवा बधिरपणा, लघवी अडणं किंवा जांघेत बधिरता आली तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता सरळ इमर्जन्सी विभागात जायचं. चार-सहा भेटींत काहीच फरक पडला नाही तर तेच उपचार पुढे रेटू नयेत, निदान पुन्हा तपासायला सांगावं. आणि येताना गोळ्यांची सगळी पाकिटं आणावीत, विशेषतः रक्त पातळ करणारी आणि स्टिरॉइडची, तुमच्या मते त्यांचा दुखण्याशी संबंध नसला तरी.