फणसाची बाटली, फ्रिजचा हप्ता आणि तालुक्याचं कॉलेज

कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, जसं बरणीत राहतं तसा फणसाचा पल्प बाटलीत का राहत नाही, हा प्रश्न मी बचत गटांना गृहविज्ञानाचं, म्हणजे घर चालवण्याच्या शास्त्राचं, ट्रेनिंग द्यायला गेले की हमखास विचारते. उत्तरं येतात ती अशी, की बाटली ओली असेल, साखर कमी पडली असेल, कोणाचा तरी हात लागला असेल. खरं कारण आंबटपणाचं आहे. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. कोकमाचा पीएच दोनच्या आसपास असतो, कैरीचा तीनच्या, तिथे वाईट जंतूंना वाढायला जागाच नाही, वर आगळात मीठ पण भरपूर. पिकलेला गरा मात्र गोड, त्याचा पीएच पाचच्या वर जातो, आणि ४.६ च्या वर गेलं की हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्याला प्रेशरखाली १२१ अंश लागतात. म्हणून फणसाच्या पल्पात सायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच खाली आणायचा, आणि तो मीटरने मोजायचा, अंदाजाने नाही, कारण असं विष झालेलं दिसत नाही आणि कित्येकदा वासही येत नाही. फणसपोळी वर्षभर टिकते ती वेगळ्या कारणाने, उन्हात पाणी उडून गेलेलं असतं म्हणून.

हे एकदा नीट सांगितलं की बायकांचे डोळे कसे चमकतात ते मी पाहिलंय. मग प्रश्नावर प्रश्न. सुकटीला पावसात बुरशी का येते, मुलाला सहाव्या महिन्यानंतर काय द्यायचं, सासऱ्यांना बीपी आहे तर लोणचं बंद करू का. आणि तिथे माझा वेळ संपतो, कारण ट्रेनिंग एका दिवसाचं असतं. चहा, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, चला घरी.

मला हेच मनापासून सांगायचंय की गृहविज्ञान हा एका दिवसात उरकायचा विषय नाही आणि तो फक्त मुंबई-पुण्याच्या मुलींनी शिकायचा विषय पण नाही. तो आपल्या तालुक्याच्या कॉलेजात, कुठल्याही वयाच्या माणसाला, परवडेल अशा फीमध्ये आणि पद्धतशीर शिकता आला पाहिजे. कृषी विज्ञान केंद्रं आहेत, रोह्याला आहे, रत्नागिरी जिल्ह्यात आहे, सिंधुदुर्गात किर्लोसला आहे, जन शिक्षण संस्थान पण काम करतं, आणि ही मंडळी जे करतात त्याबद्दल मला आदरच आहे. पण ट्रेनिंग वेगळं आणि शिक्षण वेगळं. ट्रेनिंगमध्ये तुम्ही पापड शिकता, दुसऱ्या वर्षी मसाला शिकता, तिसऱ्या वर्षी परत पापड.

माझी मावसबहीण लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेली, मुलं शाळेत जायला लागल्यावर ती तिथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकायला लागली. तिच्याकडून मला ही पद्धत कळली. त्या एका राज्यात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत, दोन वर्षांची डिग्री किंवा छोटे सर्टिफिकेट कोर्स, प्रवेशाला मार्कांची अट नाही, संध्याकाळचे वर्ग असतात. वर्गात अठरा वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीची बाई शेजारी बसतात. आपण ज्याला गृहविज्ञान म्हणतो त्यातलं बालविकास, आहारशास्त्र, कपडे, घराची मांडणी, कुटुंबाचं अर्थकारण असं सगळं तिथे शिकवतात. तिथे कोर्स युनिटांत मोजतात, तिने बालविकासाची १२ युनिटं केली, थोडा कामाचा अनुभव घेतला आणि तिला बालवाडीत शिकवायचं परमिट मिळालं. शिकण्यातून थेट नोकरी! आणि पुढे शिकायचं असेल तर तीच युनिटं मोठ्या विद्यापीठात धरतात. आपल्याकडे ट्रेनिंगची सर्टिफिकेटं कपाटात साठतात, ती पुढे डिग्रीत सहसा मोजली जात नाहीत.

आणि हा विषय म्हणजे नुसता स्वयंपाक असं ज्यांना वाटतं त्यांना मी फ्रिजचं उदाहरण देते. २४,००० चा फ्रिज, वर्षभराचे हप्ते, दुकानदार म्हणतो व्याज फक्त १२ टक्के. म्हणजे २,८८० व्याज, महिन्याला २,२४० चा हप्ता. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाताय, शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे जेमतेम दोन-सव्वादोन हजार उरलेले असतात आणि व्याज मात्र पूर्ण २४,००० वर घेतलंय. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच, हिशोब केला तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. वाड्यावाड्यांत कर्ज देणारे फिरतात, त्यांना हा एक प्रश्न विचारता आला पाहिजे, की दादा, व्याज फ्लॅट, म्हणजे पूर्ण रकमेवर, की घटत्या शिलकीवर? वस्तू खराब निघाली तर तक्रार कुठे करायची हे पण ह्याच विषयात येतं, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर किती घरात माहीत आहे? आणि आगळाच्या बाटलीचा भाव ठरवताना कोकम, मीठ, बाटली, लेबल सगळं धरतात पण स्वतःची मजुरी धरत नाहीत, हे तर मी प्रत्येक गटात पाहते आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं.

मग म्हातारी माणसं. आपल्याकडे अर्धी घरं अशी की मुलगा मुंबईला, इथे दोघंच, नाहीतर एकटी आई. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची नाहीतर पाठीला जखमा होतात, गिळायला त्रास असेल तर बसवूनच भरवायचं, ह्या गोष्टी गावातल्या दोन माणसांना जरी नीट येत असल्या तरी केवढा फरक पडेल, आणि त्यांना त्याचे पैसे मिळतील. बीपीचा प्रश्न पण इथलाच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि आपल्या ताटात सुका बांगडा, पापड, लोणचं एकाच वेळी.

हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. महर्षी कर्व्यांचं बालपण आपल्या दापोलीजवळच्या मुरूडला गेलं, त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा घरसंसाराचं शास्त्र आणि आरोग्य हे विषय अभ्यासक्रमात होते. अमेरिकेत ह्या विषयाचा पाया घालणाऱ्या एलन स्वॉलो रिचर्ड्स तर केमिस्ट होत्या, १८७३ मध्ये एमआयटीची डिग्री घेणारी पहिली बाई, त्यांचं मोठं काम पाण्याच्या तपासणीवर. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो तेव्हा ते पाणी कसं तपासायचं, हा होम सायन्सचाच धडा आहे. आणि तो मुलग्यांना पण हवा. होमस्टे चालवणारी बरीच पोरं माझ्याकडे विचारायला येतात, किचनची स्वच्छता, चादरींचा हिशोब, पाहुण्यांचा मेनू, त्यांना कोणी शिकवलेलंच नाही.

लागतं काय? कॉलेजची एक खोली, दुपारनंतर ती रिकामीच असते. गॅस, वजनकाटा, पीएच मीटर, साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि एक शिकवणारी जी शिकलेली आहे आणि जिला वेळेवर पगार मिळतो. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, तासिका तत्त्वावर अर्धं वर्ष बिनपगारी कोणी टिकत नाही.

फक्त वेळापत्रक मुंबईत बसून ठरवू नका. जून-जुलै लावणी, मग गणपती, मग कापणी, आणि मार्चपासून काजू-आंबा, तेव्हा कोणी येणार नाही. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत थिअरी घ्या, रोज संध्याकाळी दोन तास, शेवटच्या एसटीच्या आधी सुटेल असं. फणस-कोकमाची प्रॅक्टिकल मात्र मे महिन्यातच होणार, त्यासाठी बायकांना कॉलेजात बोलवू नका, मीटर घेऊन बाईंनीच त्यांच्या अंगणात जावं.