तर्री कुठे गेली?

पुण्यातल्या एका मराठी रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचे मास्टरिंग माझ्याकडे आले तेव्हा गणेशोत्सव महिनाभरावर आला होता आणि दिवस मावळला की म्हात्रे पुलाच्या बाजूने ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा आवाज एरंडवण्यातल्या माझ्या स्टुडिओच्या गच्चीपर्यंत येत असे. हा योगायोग मुद्दाम सांगतो, कारण त्या अल्बममधले शेवटचे गाणे विसर्जन मिरवणुकीवरचे होते आणि दिवसभराचा सगळा वाद अखेर त्या गाण्यातल्या ताशापाशी येऊन थांबला.

मास्टरिंग हा अल्बमच्या निर्मितीतला शेवटचा टप्पा. गाणी ध्वनिमुद्रित झालेली असतात, प्रत्येक वाद्याची जागा आणि पातळी मिक्सिंगमध्ये ठरलेली असते, आणि मग सगळी गाणी एका पंक्तीत बसवून, त्यांचा स्वरपोत आणि पातळी जुळवून, दोन गाण्यांमध्ये किती शांतता ठेवायची हे ठरवून ती प्रकाशनासाठी तयार करायची असतात. बाहेरच्या माणसाला हे काम किरकोळ वाटते; पण वर्षभर खपून केलेले मिक्स याच टप्प्यावर दोन तासांत बिघडवता येते, आणि ते बहुधा आवाज मोठा करण्याच्या नादात बिघडते.

बँडमधली चौघेही मुले पुण्यातच वाढलेली. २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाच्या गर्दीत शाळकरी वयात उभे राहून त्यांनी मोठ्या मंचावरचे रॉक संगीत पहिल्यांदा ऐकले होते, आणि ड्रमर तर ड्रम सेटवर बसण्याआधी काही वर्षे पथकात ताशा वाजवत होता. शेवटच्या गाण्यासाठी ढोल-ताशा स्टुडिओत न वाजवता पथकाच्या सरावाच्या मैदानावर ध्वनिमुद्रित करावा हा आग्रह त्याचाच, आणि तो योग्य होता. ढोलावर टिपरू पडले की जो दाब उठतो तो लहान खोलीत भिंतींवर आपटून नुसता घुमतो. उघड्यावर मात्र प्रत्येक ठोका सुटा राहतो. ताशाचे तर विचारूच नये. धातूच्या उथळ भांड्यावर ताणलेले पान आणि दोन बारीक, लवचिक काड्या, इतकाच त्याचा संसार. पण चांगला वादक तर्री धरतो तेव्हा ठोके इतके जवळजवळ पडतात की कानाला एक सलग धार जाणवते आणि तरीही त्या धारेतला प्रत्येक ठोका वेगळा चमकत असतो. संगणकाच्या पडद्यावर ही तर्री एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या सुयांसारखी दिसते. मिक्समध्ये त्या सुया शाबूत होत्या.

सकाळी गिटारवादक एका परदेशी बँडचा अल्बम सोबत घेऊन आला आणि म्हणाला, “दादा, आपली गाणी याच्याइतकी मोठी वाजली पाहिजेत. प्लेलिस्टमध्ये यांच्या गाण्यानंतर आपलं लागलं आणि बारीक वाजलं, तर लोक पुढचं गाणं लावतील.” त्याची काळजी खरी होती. अल्बमसाठी या मुलांनी नोकरीतल्या पगारातून पैसे साठवले होते. ऐकणाऱ्याने पहिल्या दहा सेकंदांत गाणे सोडून देऊ नये, असे त्यांना वाटणारच.

अडचण अशी, की डिजिटल ध्वनीला छत असते. शून्य डेसिबलच्या वर काहीही जाऊ शकत नाही. सरासरी आवाज वाढवायचा, तर ध्वनिलहरीची छताला टेकणारी शिखरे दाबण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते काम लिमिटर नावाचे साधन करते. बुटक्या माळ्यावर उंच माणसांना वाकून चालायला लावावे, तसाच हा प्रकार. थोडे वाकवले तर कुणाच्या लक्षात येत नाही; फार वाकवले तर कोण उंच आणि कोण ठेंगणे हेच कळेनासे होते. आवाज मोठा करण्याची ही चढाओढ सीडीच्या काळात इतकी वाढली, की २००८ साली मेटॅलिकासारख्या बँडच्या अल्बमविरुद्ध हजारो चाहत्यांनी, तो पुन्हा आणि मोकळेपणाने मास्टर करावा, अशा मागणीच्या अर्जावर सह्या केल्या होत्या.

मी शेवटच्या गाण्याच्या दोन प्रती केल्या. एक, गिटारवादकाने मागितली तशी, उणे सात एलयूएफएसच्या आसपासची; दुसरी उणे बाराच्या जवळची. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी तीव्रतेचे माप आहे. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. आधी मोठी प्रत लावली. गिटारवादक खूष झाला, गायकाने मान डोलावली, बासवादक पायाने ताल धरू लागला. ड्रमर मात्र खुर्चीच्या कडेला सरकून बसला आणि गाणे संपायच्या आतच म्हणाला, “दादा, तर्री कुठे गेली? हे तर वाळू ओतल्यासारखं वाजतंय.”

गिटारवादकाला ते ऐकूच येत नव्हते, आणि तो हट्टाने बोलत नव्हता. रॉकमधली डिस्टॉर्शन लावलेली गिटार अँप्लिफायरमधूनच शिखरे कापून बाहेर पडते. तिचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या आधीच सपाट झालेला असतो, किंबहुना तेच तिचे सौंदर्य असते. म्हणून लिमिटरने तिचे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते ठोक्यावर जगणाऱ्या वाद्यांचे. ड्रम सेटमधला स्नेअर, ढोल आणि सर्वांत आधी ताशा. प्रत्येक जण नकळत आपल्या वाद्याच्या कानाने ऐकत होता, आणि ज्याच्या वाद्याचे नुकसान होत नव्हते त्याला नुकसान दिसणे अवघडच होते. या व्यवसायात भांडणे बहुतेक इथूनच उगम पावतात, असे माझे निरीक्षण आहे.

मग मी दोन्ही प्रती कानाला सारख्याच मोठ्या वाटतील अशा केल्या. म्हणजे मोठी प्रत पाच डेसिबलने खाली आणली. ही पायरी वगळून केलेली कोणतीही तुलना मी ग्राह्य धरत नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज जसजसा वाढतो तसतसे खर्जातले आणि अगदी वरच्या पट्टीतले ध्वनी आपल्याला तुलनेने अधिक ऐकू येऊ लागतात. त्यामुळे तेच गाणे नुसते एखाद्या डेसिबलने मोठे केले तरी अधिक भरीव वाटते, आणि आपण त्याला गुणवत्ता समजतो. शिवाय स्पॉटिफायसारखी सेवा मूळ सेटिंगमध्ये मोठी गाणी स्वतःच खाली, उणे १४च्या पातळीला आणते. म्हणजे आपण ठोके चिरडून मिळवलेली तीव्रता श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतात ते फक्त चिरडलेले ठोके.

कोणती प्रत कोणती हे न सांगता मी दोन्ही आळीपाळीने ऐकवल्या. गिटारवादकाने डोळे मिटून ऐकले आणि ज्या प्रतीकडे बोट दाखवले ती मोकळी, उणे बाराची होती. ढोल आत आला की पोटात हलते, हे त्याचे शब्द. मी काहीही बोललो नाही. पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर मोठ्या प्रतीची लहर वरून रंधा मारावा तशी सपाट दिसत होती.

इथे प्रश्न सुटला असता तर बरे झाले असते. पण बासवादकाने शांतपणे सांगितले, की दुसऱ्या आणि पाचव्या गाण्यात त्याला दाबलेली प्रतच अधिक आवडते. ती दोन्ही गाणी वेगवान, भिंतीसारख्या गिटारींची होती आणि त्यांत लिमिटरमुळे सगळी वाद्ये एकत्र बांधली जात होती. त्याचे म्हणणे मला पटले. तत्त्व म्हणून मोकळेपणाला चिकटून राहणे आणि तत्त्व म्हणून मोठेपणाला चिकटून राहणे, दोन्हींत गाणे ऐकायचे राहून जाते. त्या दोन गाण्यांना मी अधिक रेटा दिला आणि बाकीच्यांना दिला नाही.

दुपारनंतर पेनड्राइव्ह घेऊन आम्ही गायकाच्या गाडीत बसलो आणि कर्वे रस्त्याने कोथरूडपर्यंत जाऊन आलो. गाडीतली परीक्षा मी टाळत नाही, कारण आपल्याकडे बरेच संगीत रहदारीतच ऐकले जाते. शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला गायक जवळजवळ पुटपुटतो. रिक्षा आणि बसच्या आवाजात ते शब्द पार बुडाले. परत आल्यावर लिमिटरला हात न लावता फक्त तेवढी कडवी दीड डेसिबलने हाताने वर उचलली. मोकळ्या मास्टरची ही खरी किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शांत जागा शांत राहिल्या, तर गोंगाटात त्या हरवण्याची भीती राहतेच.

उरलेले काम कारकुनीचे होते, पण त्यातही एक गोष्ट महत्त्वाची होती. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा १२ अक्षरी-अंकी ओळख-क्रमांक लागतो, आणि वितरणाच्या अर्जात वादकांची नावे भरावी लागतात. तिथे गायकाने ‘ढोल-ताशा पथक’ एवढेच लिहिले होते. ड्रमरने ते खोडायला लावले आणि मैदानावर वाजवलेल्या प्रत्येक वादकाचे नाव फोन करकरून, शुद्धलेखन विचारून भरले. त्याला बराच वेळ लागला, आणि कुणीही घाई केली नाही.

अल्बम शुक्रवारी प्रकाशित झाला. २०१५पासून जगभर हाच प्रकाशनाचा वार रूढ आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी गिटारवादकाचा फोन आला, की मोजक्या एलपी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकड्या, काढायच्या आहेत. मी त्याला पहिलीच अडचण सांगितली. तबकडी एकाच गतीने, मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोडे वर फेरे घेत फिरते. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. तिथे वरच्या पट्टीतले बारीक तपशील दाटीवाटीने कोरले जातात आणि आवाज फाटू लागतो. म्हणजे बाजूच्या अगदी शेवटी ठेवलेली तर्री सर्वांत वाईट जागी पडणार. विसर्जनाचे गाणे शेवटीच हवे असे गायकाचे ठाम मत होते, परंतु या वेळी गिटारवादकानेच निर्णय दिला: एलपीवर ते गाणे दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला येईल.