एका उजळ रेघेचे निदान : पॅक-मॅनच्या मॉनिटरची दुरुस्ती

पॅक-मॅन या आर्केड व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅबिनेटचा पडदा बिघडला, की बहुतेक जण दोनच उपाय सुचवतात : सगळे कंडेन्सर सरसकट बदलून टाका, नाहीतर पिक्चर ट्यूब काढून तिथे एलसीडी बसवा. मला दोन्ही उपाय घाईचे वाटतात. काय बिघडले आहे हे बऱ्याच वेळा पडदाच सांगत असतो, आणि ते नीट पाहण्याआधी सोल्डरिंग आयर्न तापवण्यात अर्थ नसतो.

माझ्याकडचे कॅबिनेट मिडवे कंपनीने १९८० मध्ये अमेरिकेत आणलेल्या पॅक-मॅनचे आहे. मूळ खेळ जपानच्या नामको कंपनीचा. या कॅबिनेटांत १९ इंची रंगीत मॉनिटर असे. कधी इलेक्ट्रोहोमचा जी०७, तर कधी वेल्स-गार्डनरचा. खेळाचे चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचे आणि उभे असल्यामुळे मॉनिटर नव्वद अंशांत फिरवून आडव्या कुशीवर बसवलेला असतो. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली नाही, तर पुढचे सगळे निदान उलटे होते.

माझ्या पडद्यावर चित्र नव्हते. होती ती मधोमध वरपासून खालपर्यंत एक प्रखर उभी रेघ. खेळाचा आवाज मात्र व्यवस्थित येत होता. घरचा टीव्ही दुरुस्त करणारा माणूस उभी रेघ पाहून हॉरिझॉन्टल बाजूकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत आडवा फिरवणाऱ्या विभागाकडे, बोट दाखवेल. पण ट्यूब कुशीवर आहे, त्यामुळे खेळणाऱ्याला उभी दिसणारी रेघ ट्यूबच्या हिशेबाने आडवी असते, म्हणजेच बंद पडलेले असते ते व्हर्टिकल डिफ्लेक्शन. इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला सुमारे १६ हजार वेळा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावतो आहे, मात्र सेकंदाला साठ वेळा वरून खाली सरकण्याचे त्याचे काम थांबले आहे, आणि म्हणून चित्राच्या सगळ्या ओळी एकाच जागी एकमेकींवर पडत आहेत.

या रेघेने आणखीही एक शुभवर्तमान दिले होते. अशा मॉनिटरमध्ये ट्यूबला लागणारा वीस हजार व्होल्टांच्या घरातला दाब हॉरिझॉन्टल विभागातल्या ट्रान्सफॉर्मरमधूनच तयार होतो. या ट्रान्सफॉर्मरला आपल्याकडचे टीव्ही मेकॅनिक एलओटी किंवा ईएचटी म्हणतात. हॉरिझॉन्टल विभाग मेला असता, तर पडदा काळाच राहिला असता. रेघ उजळ आहे, याचा अर्थ वीजपुरवठा, हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, एलओटी आणि ट्यूब हे सगळे महागडे किंवा दुर्मीळ भाग काम करत आहेत. शोध एका लहानशा विभागापुरता उरतो. मात्र अशी रेघ दिसताच मॉनिटर बंद करावा, आणि तपासणीसाठी पुन्हा चालू करताना ब्राइटनेस अगदी कमी ठेवावा, कारण सगळा झोत एकाच जागी पडत राहिला तर तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चमकणारा थर, कायमचा जळतो.

आता सुरक्षिततेविषयी, आणि इथे मी थोडा लांबण लावणार आहे. मॉनिटर बंद केल्यावरही ट्यूबमध्ये विद्युतभार साठून राहतो. जाड इन्सुलेशन असलेल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याला एक वायर जोडून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या विणलेल्या अर्थ-तारेला लावावे, मग स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ॲनोडच्या, म्हणजे ट्यूबला उच्च दाब जिथे मिळतो त्या टोकाच्या, रबरी टोपीखाली सरकवावे. आणि थोड्या वेळाने हेच पुन्हा करावे, कारण भार काही अंशी परत उमटतो. लोक या वीस हजारांना घाबरतात, पण वीजपुरवठ्याच्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये दीडशे व्होल्टांच्या वर साठलेला दाब मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यामागे झटका देण्याइतका प्रवाह असतो. माझ्या मॉनिटरला, म्हणजे जी०७ला, भिंतीच्या विजेपासून वेगळा ठेवणारा स्वतंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. बाकावर तपासताना तो वगळून मॉनिटर थेट भिंतीच्या सॉकेटला जोडणे म्हणजे चासीला, मॉनिटरच्या सांगाड्याला, हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. ट्यूबची मानही फार नाजूक असते. ती तडकली आणि आतली निर्वात पोकळी गेली, की ट्यूब संपली. आणि या ट्यूबांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे.

बोर्ड बाहेर काढल्यावर मी प्रथम योकची, म्हणजे ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या आणि झोत वळवणाऱ्या वेटोळ्यांची, व्हर्टिकल कॉइल मल्टिमीटरने मोजली. कॉइल शाबूत असेल तर काही ओहम दिसतात, तार तुटली असेल तर मीटर हलत नाही. कॉइल ठीक होती. त्यानंतर भिंगाखाली बोर्डाची खालची बाजू पाहिली, तेव्हा योकच्या कनेक्टरच्या पिनेभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसली. हाच तो ड्राय सोल्डर. चाळीसहून अधिक वर्षे दररोज तापणे आणि थंड होणे सोसल्यावर कोणत्याही कंपनीच्या बोर्डावर असे होणारच. जुने सोल्डर शोषून काढले, नवे भरले, शेजारच्या पिनाही त्याच वेळी ताज्या केल्या, आणि चित्र परत आले.

चित्र आले तरी ते पूर्ण पसरत नव्हते आणि एका कडेला दुमडल्यासारखे दिसत होते. ही खूण मात्र कंडेन्सरचीच आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकले, की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरवर ते बोर्डावरून न काढताही बहुतेक वेळा पकडता येतात. मी आधी व्हर्टिकल विभागातले बदलले, दुमड गेल्याची खात्री केली, आणि मग बाकीचेही वयाचा विचार करून बदलले. माझा विरोध कंडेन्सर बदलण्याला नाही, निदानाआधी बदलण्याला आहे. एकाच बैठकीत वीस-पंचवीस कंडेन्सर बदलले आणि त्यात एखादा उलटा बसला किंवा बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली गेली, तर जुना दोष कोणता आणि नवा कोणता हे कळायला मार्ग राहत नाही. शिवाय पिनेवरची चीर कंडेन्सरांनी बुजली नसतीच.

एलसीडीविषयी थोडक्यात. संगणकाचे बहुतेक मॉनिटर १६ किलोहर्ट्झचा हा संकेत घेतच नाहीत, म्हणून मध्ये कन्व्हर्टर बोर्ड बसवावा लागतो, आणि एवढे करून मिळणारे चित्र ट्यूबच्या मानाने कोरडे वाटते. ट्यूब खरोखर मेली असेल तर प्रश्न वेगळा.

शेवटी वीजपुरवठ्याचा मुख्य दाब जी०७साठी ठरलेल्या १२० व्होल्टांवर आणला आणि चित्राचा आकार बसवायला घेतला. पॅक-मॅनमध्ये प्रत्येक फेरीला तोच चक्रव्यूह असतो, त्यामुळे तो फॉस्फरवर जळून उमटलेला असतो; माझ्या ट्यूबवर तर मॉनिटर बंद असतानाही त्याच्या भिंती दिसतात. तो डाग जाणार नाही, पण आकार बसवताना त्याचा उपयोग होतो : चालू चक्रव्यूह जुन्या डागावर बरोबर बसेपर्यंत 'हाइट'चे बटण फिरवायचे. ट्यूब कुशीवर असल्यामुळे या बटणाने खेळणाऱ्याला दिसणारी रुंदी बदलते.