अलिबाग ते रत्नागिरी: पुढे पद्मिनी, मागे अल्टो

दिवाळीनंतर किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठली. पुढे मी जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन, मागे मेव्हणा अल्टो ८०० घेऊन. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चारही फेरीबोटी घेतल्या.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, अल्टोचं ७९६. तरी ताकद अल्टोचीच जास्त आणि वजनही कमी. आसूदच्या चढावर मेव्हणा आरामात गाणी ऐकत होता, मी दुसऱ्या गिअरमध्ये, नजर तापमानाच्या काट्यावर. पण चढाला उगीच घाबरू नका, वेळ लागतो एवढंच. पंचाईत होते ती चढ संपवून चहाला थांबलात की. पद्मिनीचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला. गाडी थांबली, वारा बंद झाला की तो तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी एअर घेते, म्हणजे पेट्रोल पुढे जात नाही नि ती सुरूच होत नाही. दापोलीत तेच झालं. बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं टाकलं, आणखी एक चहा सांगितला. फडकं सुकायच्या आत गाडी सुरू.

खरा कस लागतो दाभोळला उतरताना. अल्टोला पुढे डिस्क ब्रेक, पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ब्रेक दाबत उतरलात तर ड्रम तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर धरेनासे होतात. वरूनच दुसरा गिअर टाका आणि त्यातच राहा. मागचे वाजवेनात का हॉर्न!

जेट्टीवर मात्र पारडं फिरलं. ओहोटीला उतार उघडा पडतो, सगळा शेवाळलेला. वेशवीला बोटीतून वर चढताना अल्टोची पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. चढावर भार मागे जातो ना. पद्मिनीचा जोर मागच्या चाकांना, ती सरळ वर गेली. बोटीवरचा पोरगा म्हणाला, "काका, हिलाच दोरी बांधा नि ओढा तिला." मेव्हण्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. (माझी बायको मात्र दाभोळपासून अल्टोतच बसली. एसी.)

जुनी गाडी नेणार असाल तर आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर खातं. डिकीत पॉइंट, कंडेन्सर (इंजिनात ठिणगी पाडणारे सुटे भाग), फॅन बेल्ट आणि पाण्याचा कॅन हवाच. श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे टाकी भरून घ्या. शेवटची बोट किती वाजता, ते त्याच दिवशी जेट्टीवर फोन करून विचारा. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा मोह होतो, पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. फिरायचं असेल तर साधं आरसीच दर पाच वर्षांनी पासिंग करून चालू ठेवा.

रत्नागिरीच्या अलीकडचा आरे-वारेचा किनाऱ्यालगतचा घाट सकाळी लवकर उरका. नंतर गाड्या वळणावरच उभ्या करून लोक फोटो काढत बसतात, आणि चढात थांबून हँडब्रेकवर पुन्हा निघायचं म्हणजे जुन्या क्लचचे हाल.